आधी पाठ बघा: जुनं घड्याळ, शिसवी कपाट आणि चांदी विकायला काढण्यापूर्वी

तीन वर्षांपूर्वी आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ मी विकलं आणि सोळा दिवसांनी ते परत आलं. तबकडीवर रोमन अक्षरांत ‘अँसोनिया’ छापलेलं होतं, म्हणून मीही तेच लिहिलं: अमेरिकन अँसोनिया, चालू स्थितीत. कोल्हापूरच्या ज्या गृहस्थांनी ते घेतलं, त्यांनी तबकडी काढून आत पाहिलं तर यंत्र जर्मन. आठ टोकांचा तारा आणि त्यात ‘जे’ हे रोमन अक्षर, म्हणजे युंगहान्स. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “ताई, तुम्ही हे उघडून पाहिलंच नव्हतं का?” नव्हतं. पैसे परत केले. येताना काच फुटली ती वेगळीच. ते पुन्हा खुंटीला लावायला घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा उलटं केलं, आणि मागच्या फळीवर आजोबांचं अक्षर दिसलं. पेन्सिलीनं, तेल घातल्याच्या तारखा एकाखाली एक, आणि मध्येच एक ओळ: ‘जुने मशीन मोडले. जर्मन बसविले. १४-११-५३.’ सगळं खरं तिथेच लिहून ठेवलेलं होतं. घड्याळ पन्नास वर्षं भिंतीला पाठ लावून होतं आणि मी फक्त तोंड बघून वर्णन केलं.

आता वाईच्या मावशीचं घर रिकामं करायचंय. दोन घड्याळं, एक मोठं कपाट, आरामखुर्ची, झोपाळा आणि देवघरातली चांदी. मावसभावंडांना आधीच सांगून ठेवलंय की कुणीही घाईनं फोटो काढून कुणाला पाठवायचे नाहीत. त्यांच्यासाठी लिहिलेली यादी इथे देते आहे.

हाताशी टॉर्च, मोजपट्टी, भिंग, वही आणि ग्रॅमवर मोजणारा काटा. दुसरा माणूस हवाच, कारण कपाट भिंतीपासून एकट्यानं ओढता येत नाही, आणि ते ओढायचंच आहे.

पहिली गोष्ट, काहीही घासू नका. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ टिपा, तिथेच थांबा. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. चांदीच्या नक्षीत जो काळपटपणा मुरलेला असतो त्यानंच नक्षी उठून दिसते. तो उडवला की वस्तू कालच्या दुकानातली वाटते आणि जाणकार माणूस हात आखडता घेतो. लाकडावर नवं पॉलिश मारणं हा तर सरळ तोटाच आहे. जुनं पॉलिश लाखेचं, ते हातानं चढवलेलं असतं, एकदा खरवडलं की परत येत नाही.

आता घड्याळ. दार उघडा, लंबक काढून बाजूला ठेवा, मगच घड्याळ खुंटीवरून उतरवा. लंबक ज्या पातळ पट्टीला लटकतो ती लंबकासकट हलवलं की तुटते. किल्ली शोधा, बहुतेक वेळा पेटीच्या तळाशी पडलेली असते. मग घड्याळ उलटं करा. पाठ बघा. फळीवर काही लिहिलंय का, कागद चिकटवलेला आहे का, तेल घालणाऱ्यानं तारीख टाकली आहे का, सगळं टॉर्च लावून बघा. अमेरिकन घड्याळांत पेटीच्या आत सूचनांचा छापील कागद चिकटवायची पद्धत होती, त्याचा फाटका तुकडा जरी उरला असेल तरी तो खरवडू नका. त्यानंतर तबकडीचे स्क्रू काढून यंत्राचा पत्रा बघा. अँसोनिया असेल तर नाव पत्र्यावर ठोकलेलं असतं. युंगहान्सचा तारा, हँबर्ग-अमेरिकन कंपनीचे एकमेकांवर ठेवलेले दोन बाण, गुस्टाव्ह बेकरच्या यंत्रावरचा अनुक्रमांक, या खुणा आतच असतात. तबकडी कुणीही छापून देतं. शंभर वर्षांच्या घड्याळाला पांढरीशुभ्र कागदी तबकडी असेल तर ती बहुधा बदललेली आहे, आणि तसं लिहायचं.

आणि एक खूण मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. यंत्र ज्या फळीवर बसवलेलं असतं, तिच्यावर वापरात नसलेली जास्तीची भोकं आहेत का ते बघा. आमच्या घड्याळाच्या फळीवर चार भोकं रिकामी होती आणि त्यांच्याभोवती लाकडाचा रंग फिका होता, जुन्या यंत्राच्या पायांच्या मापाचा. ती चार भोकं दिसली असती तर तबकडीवरच्या नावावर मी विश्वास ठेवला नसता. यंत्र बदललेलं घड्याळ विकता येत नाही असं नाही. त्याची किंमत वेगळी, एवढंच, आणि ती घेणाऱ्याला आधी कळली पाहिजे.

‘चालू आहे’ हे लिहिण्याआधी ते खरंच चालवा. बहुतेक अशा घड्याळांची चावी आठ दिवस पुरते, तर आठ दिवस चालवा. टोल तासाला तेवढेच पडतात का ते मोजा. दहा मिनिटं टिकटिक ऐकून ‘चालू’ लिहू नका. मी तेच केलं होतं. पेटीत घासलेटाचा बोळा सापडला तर काढून टाका आणि यंत्रावर कसलाही फवारा मारू नका. बिघडलेलं असेल तर ‘बंद’ लिहा. बंद घड्याळालाही गिऱ्हाईक असतं.

मग लाकूड. ‘शिसवी’ हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरतात. काळं पॉलिश मारलेला सागवान समोरून शिसवीच दिसतो. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. आत आणि खाली पॉलिश नसतं, तिथे लाकूड स्वतःच्या रंगात असतं: शिसवी गडद, जांभळट छटेची, काळ्या रेघांची आणि उचलायला जड, सागवान सोनेरी-तपकिरी. खणाचा कोपरा बघा. डोव्हटेलचे, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या सांध्याचे, दात हातानं कापलेले असतील तर एकसारखे नसतात. सगळे तंतोतंत सारखे म्हणजे मशीनचं काम. खालच्या पृष्ठभागावरून बोटं फिरवा, हाताचा रंधा लाटांसारख्या बारीक उंचसखल खुणा ठेवतो. फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा आहे, म्हणजे तिथे नंतर कुणाचा तरी हात लागलाय. पाठीला प्लायवूड असेल तर मूळ पाठ बहुधा गेली.

म्हणूनच कपाट भिंतीपासून ओढा. हे सगळ्यांत कंटाळवाणं काम आहे, म्हणून सगळे हेच टाळतात. मावशीकडे गेल्या रविवारी आम्ही दोघांनी ओढलं. पाठीवर जाळी, पालीची अंडी आणि त्याखाली एक पिवळा पडलेला कागद, कडा उडालेल्या, मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा. काळाघोड्याला त्यांची इमारत आजही उभी आहे. मावशीचे सासरे मुंबईत नोकरीला होते हे आम्हाला माहीत होतं, कपाट तिथून आलं हे कुणालाच माहीत नव्हतं. तो कागद नसता तर मी वर्णनात ‘जुनं कपाट, दोन दारी’ एवढंच लिहिलं असतं. पाठ बघा.

आरशाला ‘बेल्जियमचा’ म्हणायची आपल्याला सवय आहे. पुरावा नसेल तर ‘कड घासलेला जुना आरसा, पारा उडालेला’ असं लिहा, ते खरं आहे आणि पुरेसं आहे. कीड आहे का हे बघायला पायांखाली पांढरा कागद घालून दोन रात्री ठेवा. त्यावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसती भोकं, आतून काळवंडलेली, म्हणजे जुनी. आरामखुर्चीचा वेत नवा विणलेला असेल तर सांगा. झोपाळ्याच्या पितळी कड्या मोजा, चारही बाजू सारख्या आहेत का बघा. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. शिवाय कपाट सुटं होतं की नाही, कारण घेणाऱ्याच्या जिन्यातून ते जायचं असतं.

चांदी शेवटी, पण ती एकट्यानं हाताळू नका आणि पहिला काटा सोनाराचा नको. घरी, एकेक वस्तू स्वतंत्र, ग्रॅममध्ये, वहीत. जुन्या याद्यांत वजन रुपयाभारात असतं. रुपयाभार म्हणजे राणीछाप रुपयाचं वजन, एक तोळा, ११.६६ ग्रॅम. बाजारात आज तोळा दहा ग्रॅमचा धरतात. यादीत ‘तांब्या ४० रुपयाभार’ असेल तर ते ४६६ ग्रॅम होतात, ४०० नाहीत. सहासष्ट ग्रॅम कुणी न चोरताच जातात.

मग इथेही उलटं करा. ताम्हन, तांब्या, अत्तरदाणी, चहाची किटली, सगळ्यांचा तळ भिंगातून बघा. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं असेल तर लंडन. राजा-राणीचं डोकं ही तिकडच्या कराची खूण, ती १७८४ ते १८९० या काळातली. ‘ई.पी.एन.एस.’ ही रोमन अक्षरं म्हणजे नुसता मुलामा. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल. आणि तळाला ‘ओ. एम.’ आणि ‘भूज’ अशी रोमन अक्षरं दिसली तर हात जोडून थांबा, कुणाच्याही दुकानात मोडीत घालू नका. ते कच्छच्या उमरशी मावजींच्या घराण्याचं काम असू शकतं, आणि त्याची किंमत वजनावर ठरत नाही. जाणकाराला दाखवा.

गुलाबदाणीची बैठक, मोरचेलाची मूठ, सुरीची मूठ यांत लाख भरलेली असते. वजन लिहिताना ‘आत लाख’ असं बाजूला लिहा, नाहीतर चांदीचा हिशेब चुकतो. राखाडी, मंद डाख दिसला तर दुरुस्ती झालीय. भांड्यावर नाव घातलेलं असेल तर ते घासून काढू नका. ठिपक्या-ठिपक्यांत उठवलेलं ‘सौ. …, सन …’ हीच त्या वस्तूची साक्ष आहे. गुंडाळताना रबर बँड आणि वर्तमानपत्र नको, चांदी काळी पडते.

हस्तिदंत लागलेलं काहीही विकायचं नाही. कपाटातलं जडणकाम असो, सुरीची मूठ असो, किटलीच्या कानात बसवलेल्या दोन पांढऱ्या चकत्या असोत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती विक्री बंद आहे. त्याच सालच्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या भाच्यानं घड्याळ मागितलं तरी आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, मग बोला. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो आहे का हेही घेणाऱ्याला विचारा.

फोटो: दिवसाउजेडी, फ्लॅश नको. समोरून एक, बाजूनं एक, पाठ, तळ, खूण, आणि जिथे तडा किंवा टवका आहे तिथला जवळून. पाठीचा फोटो नसेल तर तो फोटोंचा संच अपुरा आहे, पाठवू नका.

वर्णन: माप, वजन, लाकूड किंवा धातू, खुणा जशा दिसतात तशा, दुरुस्त्या, दोष. वर्ष माहीत नसेल तर वर्ष लिहू नका. घरची हकीकत ‘घरात सांगतात की’ असं म्हणूनच.

भाव तीन ठिकाणी विचारा. चांदीला त्या दिवसाचा दर ही तळरेषा धरा, त्याखाली नाही. बांधाबांध: लंबक वेगळा, काचेला चिकटपट्टीची फुली, खण काढून वेगळे. पावती दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, दोष लिहिलेले.

टेम्पो सुटण्याआधी सगळे खण पुन्हा एकदा पूर्ण बाहेर काढा आणि त्यांच्या मागच्या पोकळीत हात घाला. मावशीच्या कपाटात तिथे एक छोटी चावी निघाली, घड्याळाची.