तैलरंगात जुन्या निसर्गचित्राची प्रत करताय? या चुका टाळा

याकोब व्हान रॉइसडाल या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या हार्लेम शहराच्या निसर्गचित्राची (हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातलं) प्रत मी करायला घेतली, तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस खालची घरं आणि गवतावर उन्हात पसरलेली पांढरी कापडं रंगवण्यात गेले. घरं सुरेख जमली. मग आकाश रंगवलं आणि तीच घरं कापून चिकटवल्यासारखी दिसायला लागली. रंग बरोबर होते, क्रम चुकला होता.

त्या चित्रात सुमारे दोन तृतीयांश भाग आकाशाचा आहे. जमिनीवरचे उजळ-गडद पट्टे म्हणजे ढगांच्या सावल्या. आकाश ठरल्याशिवाय जमीन ठरतच नाही. म्हणून आधी डोळे मिचमिचे करून मूळ चित्र पाहा आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने (मातकट तपकिरी रंग) फक्त तीन छटांत, गडद, मध्यम, उजळ, सगळं चित्र मांडा. झाडाचं एकही पान नको. कॅनव्हासही कोरा पांढरा ठेवू नका. पांढऱ्यावर प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि हात उगाच फिका रंग उचलतो. आधी मातकट रंगाचा पातळ हात द्या, तो वाळू द्या.

कॅनव्हासचं प्रमाणही तपासा. मूळ चित्र ५५.५ सेंमी उंच, ६२ सेंमी रुंद. तुमचा कॅनव्हास ५० × ५६ असेल तर चालेल. ४० × ५० घेतलात तर आकाश दबतं आणि चित्राचा श्वासच कोंडतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे चित्राचं वय रंगवणं. जुनं व्हर्निश, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर, पिवळं पडतं, आणि आपण त्या पिवळेपणालाच चित्रकाराची छटा समजतो. ही चूक जुनीच आहे. इंग्लंडमधले चित्रसंग्राहक सर जॉर्ज बोमाँट यांनी निसर्गचित्राचा रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा असं सुचवलं, तेव्हा इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने व्हायोलिन हिरवळीवर ठेवून फरक दाखवल्याची आठवण सांगतात. त्याच बोमाँटांच्या घरी १८२३ मध्ये कॉन्स्टेबलने सतराव्या शतकातल्या क्लोद लोरेन या निसर्गचित्रकाराच्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या. म्हणजे जुन्यांकडून शिकायचं, पण त्यांच्यावरचा धूर उचलायचा नाही. उलट प्रकारही होतो: काही जुन्या डच चित्रांत झाडं निळसर दिसतात, कारण हिरव्यातला वनस्पतीजन्य पिवळा उडून गेला आणि निळा उरला. म्हणून शेवटी सगळ्या चित्रावर तपकिरी हात फिरवायचा मोह आवरा. आकाश आणि जमीन यांच्यातला थंड-उबदार (निळसर-पिवळसर) फरक टिकला, की प्रत जिवंत राहते.

ढग खडूसारखे दिसतात? दोष बहुधा टिटॅनियम व्हाइटचा. तो विसाव्या शतकातला रंग. रॉइसडालकडे शिशाचा पांढरा होता, बराच मऊ. टिटॅनियम थोडाच घ्या, त्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. ट्यूबमधला तयार हिरवाही नको. ऑकर आणि अल्ट्रामरीन निळ्यातून, कधी ऑकर आणि काळ्यातून, कितीतरी शांत हिरवे निघतात.

रंग मळकट झाला तर वर आणखी रंग थापू नका. पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या बोथट सुरीने) खरवडून काढा, खालचा थर वाळू द्या, मग पुन्हा. वाळल्यावर काही भाग निस्तेज दिसला तर त्यावर जवसाचं तेल अगदी पातळ चोळून लगेच पुसा. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलंत तर तडे जातील. मूळ चित्रातले तडे मात्र रंगवत बसू नका. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं केलं की हा मोह होतोच, म्हणून संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रतिमा वापरा आणि ती पूर्ण दिसेल एवढीच ठेवा.

व्हर्निशची घाई नको. सहा महिने तरी थांबा. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.