मग करूबांचं काय?

ईशज्ञानाच्या अभ्यासक्रमातला माझा पहिला निबंध ‘ख्रिस्ती विश्वासातील मूर्तिपूजेचा अर्थ’ या विषयावर होता. विषय पाहून मी खूश झाले. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा २० वा अध्याय उघडायचा, ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही आज्ञा वर लिहायची, खाली संदेष्ट्यांचे चार-पाच उतारे जोडायचे, संपलं. बारा पानं एका बैठकीत झाली. आठवड्यानं वही परत आली तेव्हा गुणांची जागा रिकामी होती आणि समासात लाल शाईनं एकच ओळ होती: ‘मग करूबांचं काय?’

करूब म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, हे मला ठाऊक होतं. त्याच पुस्तकात, आज्ञेनंतर अवघ्या पाच अध्यायांनी, तोच देव इस्राएलांचा पुढारी मोशे याला सांगतो की कराराच्या कोशावरच्या, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवरच्या, दयासनाच्या (सोन्याच्या झाकणाच्या) दोन टोकांना सोन्याचे दोन करूब घडव. पंख पसरलेले, तोंडं समोरासमोर. हा उतारा मी कितीदा तरी वाचला होता. पण आकृती घडवणं हाच गुन्हा, असं बारा पानं भरून सांगताना तो एकदाही आठवला नाही. या विषयात नव्यानं येणारे बहुतेकजण इथेच अडखळतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे आज्ञा पुन्हा वाचायची, आणि या वेळी नामांऐवजी क्रियापदांखाली रेघा मारायच्या. निर्गम २०:३-५ मध्ये आधी ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ येतं, मग मूर्ती करू नको, मग त्यांच्या पाया पडू नको, त्यांची सेवा करू नको. हिब्रूत मूर्तीसाठी ‘पेसेल’ हा शब्द आहे, त्यात कोरण्याचा अर्थ आहे. पण माझी नजर खिळली ती ‘सेवा’वर. तिथलं क्रियापद ‘आवद’. जमीन कसणं, राबणं, गुलामी करणं या सगळ्याला हेच क्रियापद. याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोक इस्राएलांना विटा-मातीच्या कामाला जुंपतात, तिथेही तेच येतं. म्हणजे कालपर्यंत मिसरच्या राजासाठी, फारोसाठी, राबणाऱ्या लोकांना सांगितलं जातंय की आता कुणासाठी राबायचं आणि कुणासाठी नाही. दगड-लाकूड त्यानंतर येतं. हे एकदा दिसल्यावर मला आज्ञा पूर्वीसारखी वाचताच येईना.

जाता जाता एक सावधगिरी. ‘दुसरी आज्ञा’ असं कधी लिहू नका. मूर्तींची आज्ञा रोमन कॅथलिक आणि ल्यूथरन परंपरेत पहिल्या आज्ञेतच धरतात. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरेत ती दुसरी. बेरीज दोन्हीकडे दहाच, कारण पहिल्या गटात लोभाच्या आज्ञेचे दोन भाग होतात. आमच्या वर्गात दोघं तासभर ‘दुसऱ्या आज्ञे’वरून भांडले आणि शेवटी लक्षात आलं की एक मूर्तींबद्दल बोलतोय, दुसरा देवाचं नाव व्यर्थ घेण्याबद्दल. अध्याय आणि ओवी लिहा, वाद अर्धा होतो.

मग सोन्याचं वासरू, मोशे डोंगरावर असताना लोकांनी त्याचा भाऊ अहरोन याच्याकडून करवून घेतलेलं. निर्गम ३२ सगळ्यांना माहीत असतं, पण पाचवी ओवी सहसा सुटते. वासरू ओतून झाल्यावर अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. परमेश्वराप्रीत्यर्थ! दुसऱ्या कुठल्या देवासाठी नव्हे. पुढे इस्राएलचा राजा यराबाम बेथेल आणि दान इथे दोन वासरं उभी करतो, तेव्हा तोही जवळजवळ तेच शब्द वापरतो: हे पाहा तुला मिसरातून आणणारे देव. म्हणजे मूर्तिपूजा दोन तऱ्हांनी होऊ शकते, खोट्या देवाची किंवा खऱ्याच देवाची, पण आपल्या सोयीनं आपल्या मुठीत मावेल अशी. रिफॉर्म्ड परंपरा दोन आज्ञा वेगळ्या धरते त्यामागे हाच विचार आहे. पहिली ‘कुणाची’ सांगते, दुसरी ‘कशी’. आणि अहरोनाची सबब चुकवू नका. मोशेनं जाब विचारल्यावर तो म्हणतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. जणू आपोआपच. अख्ख्या बायबलात इतकी ओळखीची सबब दुसरी नसेल.

पण या विषयातला एकच धडा निवडायचा झाला तर मी पितळेचा सर्प निवडेन. एका बैठकीत तीन उतारे याच क्रमानं वाचा: गणना २१:४-९, २ राजे १८:४, योहान ३:१४. रानात विषारी साप चावून लोक मरताहेत, देव मोशेला सर्प करून खांबावर लावायला सांगतो, त्याच्याकडे पाहणारा वाचतो. शेकडो वर्षांनी तोच सर्प राजा हिज्कीया फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागलेले असतात. त्याला ‘नहुश्तान’ असं नावही पडलेलं असतं. धातू तोच, आकार तोच, घडवण्याचा हुकूम तर साक्षात देवाचा. बदलले ते फक्त त्याच्यापुढे उभे राहणारे. आणि योहानात येशू स्वतःच्या उंच केलं जाण्याला याच मोडलेल्या सर्पाची उपमा देतो. मोडलेली वस्तू खूण म्हणून परत येते. दुसऱ्या निबंधाला मी इथूनच सुरुवात केली, आणि पहिली चार पानं बरी उतरली.

पाचव्या पानावर घोटाळा झाला तो शब्दांनी. मराठीत आपल्याकडे पूजा, उपासना, आराधना, भजन, नमन, सेवा असे शब्द हाताशी असतात आणि आपण ते आलटून-पालटून वापरतो, कानाला बरं वाटतं म्हणून. मी सगळीकडे ‘पूजा’ लिहिलं होतं. सरांनी प्रत्येक ‘पूजा’भोवती वर्तुळ काढून विचारलं, ‘कोणती?’ एकोणीस वर्तुळं होती. मोजली मी.

ग्रीकमध्ये निदान दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. ‘प्रोस्किनेसिस’ म्हणजे वाकणं, लोटांगण घालणं. ते राजापुढेही घालता येतं. ‘लात्रेइया’ म्हणजे फक्त देवाला देय असलेली उपासना. इ. स. ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं पवित्र चित्रांबद्दल जो निर्णय दिला तो याच फरकावर उभा आहे: चित्रांना आदराचं नमन चालेल, लात्रेइया नाही, आणि चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र आहे त्याला पोचतो. हे निर्णय लॅटिनमध्ये गेले तेव्हा भाषांतरात दोन्हीकडे एकच शब्द आला. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातल्या पंडितांना वाटलं, ग्रीकांनी चित्रांची उपासनाच मंजूर केली! ७९४ मध्ये फ्रँकफर्टच्या परिषदेनं ती फेटाळलीही. तिथे बाकीचे मतभेद होतेच, पण भाषांतरानं त्यांत तेल ओतलं. हे वाचलं तेव्हा माझ्या एकोणीस वर्तुळांचं दुःख जरा कमी झालं. तेव्हापासून मी वहीच्या मागच्या पानावर तक्ता ठेवते: मूळ शब्द, शरीर काय करतं, कुणापुढे चालतं, मी मराठीत काय लिहिणार. एकदा ठरवलेला शब्द निबंध संपेपर्यंत बदलत नाही.

चित्रांचा वाद वाचताना हरलेल्या बाजूचंही ऐका. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याच्या काळात चित्रांविरुद्ध मोहीम सुरू झाली. ७५४ च्या हिएरियाच्या परिषदेनं चित्रं निषिद्ध ठरवली. त्यांचा युक्तिवाद मी समजत होते तितका बाळबोध नव्हता. ख्रिस्ताचं चित्र काढणारा एकतर फक्त त्याचं मनुष्यत्व रंगवतो, म्हणजे देवत्वापासून ते तोडतो, किंवा दोन्ही मिसळून टाकतो. त्यांच्या मते ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, प्रभुभोजनाची भाकर. गंमत अशी की त्यांचा ठराव आज वाचता येतो तो विरोधकांमुळे, कारण ७८७ च्या परिषदेत तो खोडून काढण्यासाठी वाचला गेला आणि नोंदींत राहिला. समोरच्या बाजूला, चित्रांच्या बाजूनं लिहिणारा धर्मपंडित दमास्कसचा योहान. तो मुस्लिम राज्यात राहत होता, सम्राटाचा हात पोचत नव्हता, म्हणून मोकळेपणी लिहू शकला. त्याचा मुद्दा: अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे कबूल, पण तो देह धारण करून आला, दिसला, तेव्हा जे दिसलं ते काढता येतं. चित्रं कायमची परत आली ती ८४३ मध्ये.

पश्चिमेकडे सूर वेगळा होता. सहाव्या-सातव्या शतकाच्या सांध्यावर थोरल्या ग्रेगरी पोपनं मार्सेयच्या बिशपला लिहिलं: चित्रांची उपासना थांबवलीस ते ठीक, पण ती फोडायला नको होतीस, ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात. जवळजवळ हजार वर्षांनी, १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे रिफॉर्म्ड पंथाच्या शिकवणीच्या पुस्तकात, याला थेट उत्तर आहे: देवाला आपले लोक मुक्या चित्रांनी नव्हे, वचनाच्या जिवंत घोषणेनं शिकवायचे आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिक बाजू मांडली, की चित्रांत काही दैवी शक्ती आहे म्हणून त्यांना मान द्यायचा नाही. हे तीन मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचले की कुणालाही ‘हे मूर्तिपूजक’ असं एका वाक्यात निकालात काढणं जड जातं. माझ्या पहिल्या निबंधात अशी तीन वाक्यं होती.

मूर्ती नसलेली मूर्तिपूजा हा पुढचा टप्पा, आणि इथे उत्साह आवरावा लागतो. कलस्सैकरांस पत्र ३:५ मध्ये प्रेषित पौल लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो. धर्मसुधारक ल्यूथर १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत म्हणतो की तुझं मन ज्याला चिकटतं आणि ज्यावर विसंबतं तोच तुझा खरा देव. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन मनाला मूर्तींचा कारखाना म्हणतो. हे वाचून नवा विद्यार्थी सुटतोच: मोबाईल मूर्ती, करिअर मूर्ती, खेळ मूर्ती. सगळंच मूर्ती झालं की शब्दाला अर्थ उरत नाही. पौलानं आवडत्या गोष्टींची यादी दिलेली नाही, लोभ म्हटलंय, कारण धनावर माणूस भरवसा टाकतो आणि त्याच्या हुकमावर चालतो. मत्तय ६:२४ मध्येही देव आणि धन यांना ‘धनी’, म्हणजे मालक, म्हणूनच समोरासमोर उभं केलंय. पुन्हा तीच चाकरी, निर्गमातली. रूपक वापरण्याआधी मी स्वतःला विचारते: इथे भरवसा आणि हुकूम दोन्ही आहेत का? नसतील तर ती नुसती आवड आहे, तिला वेठीला धरू नये.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. यशया ४४ मध्ये सुताराची भेदक टिंगल आहे: एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर तो भाकर भाजतो, ऊब घेतो आणि उरलेल्याचा देव करून त्यापुढे लोटांगण घालतो. मी हा उतारा ‘मूर्तिपूजक काय मानतात’ याचा पुरावा म्हणून दिला होता. तो पुरावा नाही, उपहास आहे. प्राचीन मेसोपोटेमियात मूर्तीच्या ‘मुखप्रक्षालना’चा विधी होता. त्यात कारागीर शपथेवर सांगत की ही मी घडवलेली नाही, आणि त्यांचे हात लाकडी तलवारीनं तोडल्याचा अभिनय होई. म्हणजे मूर्ती माणसानं केली, ही अडचण त्या लोकांनाही जाणवत होती. हे कळल्यावर यशयाची धार उलट वाढते, कारण तो नेमकं त्याच अडचणीवर बोट ठेवतो: शपथ काहीही घे, रंधा तुझ्याच हातात होता. पण दुसऱ्या कुणाची भक्ती समजून घ्यायची असेल तर त्या भक्ताला विचारा, त्याच्या टीकाकाराला नव्हे. हा नियम ख्रिस्ती पंथांनाही एकमेकांबद्दल लागू पडतो.

उत्पत्ती १:२७ शेवटी वाचा, आधी नको. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा, तिथला हिब्रू शब्द ‘त्सेलेम’. गणना ३३:५२ मध्ये कनानी लोकांच्या ज्या ओतीव मूर्ती मोडायला सांगितल्या आहेत, त्यांनाही हाच शब्द. देवाच्या प्रतिमेची जागा माणसानं आधीच भरलेली आहे, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात, आणि मलाही तो पटतो. मग कलस्सैकरांस १:१५ मध्ये ख्रिस्त अदृश्य देवाचं प्रतिरूप, हे वाचताना पायाखाली जमीन असते.

तिसऱ्या निबंधाला गुण मिळाले. त्यात माणसांना किंवा देवदूतांना केलेल्या नमनाचे उतारे मी घेतले होते: पाया पडलेल्या कर्नेल्याला पेत्र उठवतो, लुस्त्र गावात लोक देव समजून बळी द्यायला येतात तेव्हा पौल आणि बर्णबा आपली वस्त्रं फाडतात, आणि प्रकटीकरण १९:१० मध्ये योहान देवदूताच्या पाया पडतो तेव्हा देवदूत म्हणतो, असं करू नको, मीही तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर. समासात लाल शाईनं लिहिलं होतं: ‘२२:८ पण बघ. पुन्हा तेच. एकदा सांगूनही?’ त्याचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही.