चूक ड्रायव्हरची की साहेबांची? फेरारीची शर्यत तपासायची माझी पद्धत

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट झाला की आमच्याकडे कारणाच्या रकान्यात सगळ्यात आधी सुचतं ते 'ऑपरेटर एरर', आणि उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला समज दिली'. असा रिपोर्ट मी परत पाठवतो. समज दिल्याने भाग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा ढिला क्लॅम्प घट्ट होत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये फेरारीचा चाहता असलो की हाच रिपोर्ट वारंवार वाचावा लागतो. ड्रायव्हर घसरला, ड्रायव्हर दोषी. असे रिपोर्ट पुरेसे साठले की मग साहेब बदलतात. 2007 ला फेरारीचा किमी रायकोनेन ड्रायव्हरचं विजेतेपद जिंकला, 2008 ला टीमने सांघिक विजेतेपद घेतलं, आणि तिथपासून 2025 चा हंगाम संपेपर्यंत पाटी कोरी. एवढ्या काळात टीम प्रिन्सिपलच्या, म्हणजे टीमच्या साहेबाच्या, खुर्चीत पाच माणसं बसली: डोमेनिकाली, मातियाची, अरिवाबेने, बिनोत्तो आणि आता व्हास्यूर. दर वेळी चूक नक्की कुठली होती हे घरबसल्या, एक वही आणि थोडा संयम यांवर बरंचसं कळतं. ते कसं, ते सांगतो.

शर्यत संपल्यावर तासभर तरी निकाल देऊ नका. माझा भाचा गाडी बॅरियरला लागायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या घालून मोकळा होतो. त्याच्यासारखं करू नका. 2022 ची फ्रान्सची शर्यत आठवा. फेरारीचा शार्ल लक्लेर पहिल्या नंबरवर होता, अठराव्या लॅपला ल बोसे वळणावर मागचं टोक सुटलं आणि गाडी टायरच्या भिंतीत. रेडिओवर तो थ्रॉटलबद्दल काहीतरी ओरडला. दोनच आठवड्यांपूर्वी ऑस्ट्रियात त्याचं थ्रॉटल खरंच अडकत होतं, तशाच गाडीने त्याने शर्यत जिंकली होती. साहजिकच सगळ्यांनी ठरवलं, पुन्हा थ्रॉटल! मग खुलासा झाला की ते बोलणं आदळल्यानंतर गाडी मागे घेता येत नव्हती त्याबद्दलचं. घसरणं शुद्ध त्याचं होतं, आणि ते त्याने स्वतः कबूल केलं. म्हणजे कधी घाईत ड्रायव्हर उगाच अडकतो, तर कधी उगाच सुटतो.

आता वही. तीन रकाने आखा: ड्रायव्हर, पिट वॉल (ट्रॅकच्या कडेला बसून डावपेच ठरवणारे), गाडी. प्रत्येक शर्यतीत गेलेले गुण ज्याच्यामुळे गेले त्याच्या नावावर मांडा. रागाला आकडा नसतो, म्हणून गुण लिहायचे. 2022 चं लक्लेरचं खातं मी असं मांडलंय. इमोलाला तिसरा असताना पुढच्या पेरेझचा पाठलाग करताना घसरला आणि सहावा आला, 7 गुण. फ्रान्सला विजयाचे 25. ड्रायव्हरच्या रकान्यात 32 झाले. मोनॅकोत स्वतःच्या गावात पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात, होती. ट्रॅक ओल्याचा कोरडा होताना पिट वॉलने आधी टायर बदलायला आत बोलावलं, मग 'थांब, बाहेरच राहा' म्हटलं, पण तोवर तो आत वळला होता. चौथा आला, 13 गेले. सिल्व्हरस्टोनला तो पुढे असताना सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली. टीममधल्या सान्झला ताजे, वेगवान सॉफ्ट टायर मिळाले, लक्लेर जुन्या, संथ हार्डवर बाहेरच राहिला. पुन्हा चौथा, पुन्हा 13. बार्सिलोना आणि बाकूला तो पुढे असतानाच गाडी बंद पडली. दोन्हीकडे जिंकलाच असता असं धरलं तर 50.

हंगेरीचा हिशेब मी गुणांत धरत नाही, कारण तिथे गाडीही थंड ट्रॅकवर मंदावली होती. पण पिट वॉलच्या रकान्यात फुली मारलीय. अल्पीन टीमच्या गाड्या हार्ड टायरवर रडताना टीव्हीवर मला दिसत होत्या, आणि तेच टायर लक्लेरला चढवले. सहावा.

बेरीज करा. ड्रायव्हर 32, पिट वॉल 26, गाडी 50. एकूण 108. विजेता ठरलेला मॅक्स व्हर्स्टापेन लक्लेरच्या 146 गुण पुढे होता. त्याच शर्यतींत त्याला मिळालेले जास्तीचे गुण वजा केले तरी ते अंतर भरून निघत नाही. त्याने त्या वर्षी 15 शर्यती जिंकल्या. म्हणजे 'लक्लेरने घालवलं' आणि 'स्ट्रॅटेजीवाल्यांनी घालवलं' ही दोन्ही वाक्यं वहीत टिकत नाहीत. पहिल्या दोन रकान्यांवर आपण सगळ्यात जास्त भांडतो आणि सगळ्यात मोठा आकडा तिसऱ्यात असतो.

शिवाय 'गाडी' हे उत्तर नव्हे, तिथे आणखी एक 'का' विचारायचा. इंजिन फुटलं, का? 2022 पासून इंजिनची ताकद गोठवायची आणि टिकाऊपणाच्या दुरुस्त्यांना परवानगी द्यायची असा नियम होता. म्हणून फेरारीने आधी इंजिनातून जास्तीत जास्त ताकद मिळवली, टिकाऊपणा नंतर बघू म्हटलं. हिशेब म्हणून तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. पण तो वरच्या खोलीत झालेला निर्णय होता, त्यामुळे ते 50 गुण माझ्या वहीत पिस्टनच्या नव्हे, साहेबांच्या नावावर आहेत.

ड्रायव्हरच्या रकान्यातही तसंच खणायचं. 2018 चा फेरारीचा सेबॅस्टियन वेटेल घ्या. बाकूला रीस्टार्टनंतर, म्हणजे सेफ्टी कार जाऊन शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर, ब्रेक लॉक करून सरळ गेला, फ्रान्सला पहिल्याच वळणावर बोटासला धडकला, मोंझाला पहिल्या लॅपला हॅमिल्टनशी (तेव्हा तो मर्सिडीजमध्ये, विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी) लागून फिरला, सुझुकाला व्हर्स्टापेन, ऑस्टिनला रिकार्डो. आणि हॉकेनहाइम! 67 पैकी 52 वा लॅप, घरची शर्यत, पहिला नंबर, हलकी सर, आणि गाडी रेतीतून भिंतीवर. सकाळी हॅमिल्टनपेक्षा 8 गुण पुढे होता, संध्याकाळी 17 मागे, कारण हॅमिल्टन चौदाव्या जागेवरून सुटून ती शर्यत जिंकला.

आता व्हाय-व्हाय, म्हणजे मूळ कारण मिळेपर्यंत 'का' विचारत राहणं. मोंझाला वेटेल हॅमिल्टनच्या तावडीत का सापडला? पोलवर टीममधला दुसरा ड्रायव्हर रायकोनेन होता आणि तोही स्वतःसाठीच चालवत होता. विजेतेपद कोणासाठी खेळायचं हे टीमने त्याला स्पष्ट सांगितलं नव्हतं. हॉकेनहाइमलाही रायकोनेनला 'वाट दे' हे सांगायला रेडिओवर इतकं गोल गोल बोलले की शेवटी त्यानेच, नक्की काय करू ते सरळ सांगा, असं विचारलं. त्याच शर्यतीनंतर तीन दिवसांनी, आदल्याच दिवसापर्यंत फेरारीचे अध्यक्ष राहिलेले सर्जिओ मार्किओने वारले. पुढे गाडीचे नवे भाग उलटे पडले. ऑस्टिनला जुने भाग परत लावले तेव्हा वेग परत आला आणि रायकोनेन जिंकला. एवढा सगळा ढिला क्लॅम्प असताना ऑपरेटर जोर लावणारच.

पण इथे थांबलात तर ड्रायव्हरला फुकट सोडल्यासारखं होईल. म्हणून माझी आवडती चाचणी: साहेब बदलल्यावर ती चूक राहिली का गेली, ते बघा. जानेवारी 2019 मध्ये अरिवाबेने गेले, बिनोत्तो आले. वेटेल बहरीनला पुन्हा फिरला, सिल्व्हरस्टोनला व्हर्स्टापेनच्या मागे जाऊन आदळला, मोंझाला एकटाच फिरला. मशीन बदललं, शिफ्ट इन्चार्ज बदलला, रिजेक्शन तेच. मग ऑपरेटरकडे बघायलाच हवं. लक्लेरचं उलट झालं. व्हास्यूर आल्यावर पहिल्या वर्षी तो सुधारला नाही. मायामीत एकाच वळणावर सरावात आणि पात्रता फेरीत दोनदा आदळला. पण 2024 ला गाडी अंदाज बांधता येईल अशी झाल्यावर त्याने मोनॅको, मोंझा आणि ऑस्टिन जिंकलं. त्याच्या जुन्या चुकांतला निदान काही भाग मी म्हणून गाडीच्या रकान्यात सरकवला.

या चाचणीसाठी तारखा नीट धरा, नाहीतर श्रेय आणि शिव्या दोन्ही चुकीच्या पत्त्यावर जातात. व्हास्यूर 9 जानेवारी 2023 ला कामावर आले आणि त्या वर्षीची गाडी 14 फेब्रुवारीला लोकांसमोर आली. पाच आठवड्यांत कोणी गाडी बनवत नाही. ती बिनोत्तोंचीच होती. 2014 तर याहून गमतीचं. एप्रिलमध्ये डोमेनिकाली गेले, अमेरिकेत फेरारीच्या गाड्या विकणारे मातियाची आले आणि नोव्हेंबरमध्ये तेही गेले. जायच्या आधी त्यांनी वेटेलला करारबद्ध केलं होतं. पुढच्या मार्चमध्ये वेटेल मलेशियाला जिंकला आणि हार पडले अरिवाबेनेंच्या गळ्यात, ज्यांना येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मी नव्या साहेबाचं पहिलं वर्ष वहीत पेन्सिलने लिहितो, दुसऱ्यापासून पेनाने. फेरारीचे जुने साहेब जाँ टॉड जुलै 1993 मध्ये आले. सांघिक विजेतेपद 1999 ला आणि शूमाकरचं लाल गाडीतलं पहिलं 2000 ला. आजच्या मारानेल्लोत, म्हणजे फेरारीच्या मुख्यालयात, त्यांना तितकी वर्षं मिळाली असती असं मला वाटत नाही.

शेवटचं काम, वरून येणारी वक्तव्यं वहीशी ताडून बघणं. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलला दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जॉन एल्कान यांनी मेकॅनिक आणि इंजिनिअर यांचं कौतुक केलं, ड्रायव्हरांनी मात्र गाडी चालवण्यावर लक्ष द्यावं आणि कमी बोलावं असं सुनावलं. वही उघडा. हॅमिल्टन, जो 2025 ला फेरारीत आला होता, कोलापिंटोला मागून लागला, त्याला पाच सेकंदांची शिक्षा झाली. ती नोंद ड्रायव्हरच्या रकान्यात, वाद नाही. लक्लेरचं काय? रीस्टार्टला पियास्ट्री अँटोनेलीला लागला आणि अँटोनेली लक्लेरवर येऊन आदळला. दहा सेकंदांची शिक्षा पियास्ट्रीला. लक्लेरच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, आणि समासात पेन्सिलने: 'ऑपरेटरला समज दिली'.