डोळे मिटायला सांगण्याआधी

ठाणे-नवी मुंबईत मानसिक त्रासासाठी उपचार घेणाऱ्या किशोरवयीन मुलांबरोबर नुकतंच काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे, बरं-वाईट न ठरवता, लक्ष देणं, हे तुम्ही मानसशास्त्राच्या एमएला वाचलंच असेल.

'डोळे मिट, श्वासाकडे लक्ष दे' हे वाक्य आपल्या जिभेवर इतकं बसलेलं असतं की समोर कोण बसलंय हे बघायच्या आत ते निघून जातं. पॅनिक अटॅक येणाऱ्या मुलाला श्वासाचीच तर भीती असते! माझ्यासमोर अकरावीतल्या एका मुलाने डोळे मिटले आणि थोड्याच वेळात खुर्चीच्या कडेवर त्याची बोटं पांढरी पडली. छातीतली धडधड त्याला आणखीच मोठ्याने ऐकू येत होती. ज्या मुलांवर अत्याचार झालेत, त्यांना मिटल्या डोळ्यांपुढे तोच प्रसंग उभा राहू शकतो. वर विचारलं तर 'बरं वाटलं मॅडम' म्हणतात, आणि पुढच्या वेळी येतच नाहीत.

म्हणून डोळे उघडेच ठेवू द्या, नजर खाली. तळपाय फरशीला टेकवून ती गार लागते का, एवढंच बघायचं. नाहीतर आवाज ऐकायचे: पंखा, खालची रिक्षा, लांबून जाणारी लोकल. सुरुवातीला अर्धा मिनिट खूप झालं. नको वाटलं की थांबायचं, हे आधीच सांगा. थांबला तर लगेच 'का?' विचारू नका.

दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची केस ऐकून 'इथे घाई केलीस' म्हणणारा सुपरवायझर, म्हणजे आपल्या कामावर नजर ठेवणारा अनुभवी समुपदेशक, शोधा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कार्यक्रम मुळात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या मोठ्या माणसांसाठी होता. क्लासहून रात्री नऊला घरी येणाऱ्या दहावीच्या मुलीला तो जसाच्या तसा कसा झेपेल? ब्रिटनमधल्या शाळांत सरसकट सगळ्यांना माइंडफुलनेस शिकवून पाहिलं, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा ते सरस ठरलं नाही. २०२२ मध्ये हे निष्कर्ष आले.

पण धीर सोडू नका. 'पेपर कोरा जाणार' म्हणणारं मूल एक दिवस 'तो विचार परत आलाय' म्हणतं, म्हणजे त्या भीतीकडे नुसता एक विचार म्हणून बघतं, तेव्हा फरक खरंच पडलेला असतो.

'आता ध्यान करतोय, गोळ्या बंद करू का?' असं पालक हमखास विचारतात. तो निर्णय सायकायट्रिस्टचा. मूल जीव द्यायचं बोललं तर सराव तिथेच थांबवा, एकटं सोडू नका, पालकांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या. तिथे रात्रीही फोन उचलतात.