मेकॅनिकलच्या पोरांनो, या चुका टाळा

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलवर दरवर्षी तेच चित्र. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकलेली, खाली दिवा, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. चार तासांचं काम पाऊण तासात उरकतं. मेकॅनिकलच्या मुलांना मी सोळा वर्षं शिकवतोय. या एका सवयीने जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होताना मी पाहिलेलं नाही.

ड्रॉइंग शिकायचं ते व्ह्यू, म्हणजे वस्तूच्या एकेका बाजूचं चित्र, बघून वस्तू डोळ्यांपुढे उभी राहावी म्हणून. काचेवर फक्त हात चालतो. टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे, मार्क मिळतात, विषय सुटतो, आणि बिंग फुटतं ते थेट शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी.

काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाची तीन मुलं भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात प्रोजेक्ट करत होती. तिथे अमेरिकन गिऱ्हाइकाचं एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. कागदावर कुठला व्ह्यू कुठे काढायचा याच्या दोन पद्धती आहेत: आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल, अमेरिकेत चालतो थर्ड अँगल. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे काढतात, थर्ड अँगलमध्ये उजवीकडचा व्ह्यू उजवीकडेच असतो. कोपऱ्यात पद्धत सांगणारं चिन्ह छापलेलं होतं, पण तिघांपैकी एकानेही तिकडे पाहिलं नाही. मापं सगळी बरोबर, फिनिश उत्तम, आणि खाच नेमकी उलट्या अंगाला. बारा ब्रॅकेट भंगारात गेले. मालकाचा फोन आला, "सर, सगळा माल उलटा झालाय." मी तिथे गेलो. त्यातला एक मुलगा ब्रॅकेट हातात घेऊन मान खाली घालून उभा होता. त्याच्या पहिल्या वर्षाच्या शीट्स मीच तपासल्या होत्या, रेघा अगदी छापल्यासारख्या. त्या ट्रेस केलेल्या आहेत हे मला तेव्हा ओळखता आलं नाही, याची खंत आजही आहे.

चिन्हात टोक कापलेला आडवा शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं असतात. ते ओळखायची माझी खूण सोपी आहे. वर्तुळं शंकूच्या लहान टोकाकडे असतील तर थर्ड अँगल, मोठ्या टोकाकडे असतील तर फर्स्ट. आणि व्ह्यू डोक्यात बसतच नसेल तर किराणा दुकानातून कपडे धुवायच्या साबणाची वडी आणा आणि सुरीने तो भाग कोरून बघा. खाच कापताना कुठली कड दिसते आणि कुठली लपते हे बोटांना कळतं, मग तुटक रेघ कुठे काढायची ते विचारावं लागत नाही. माझ्या टेबलाच्या खणात अशा वड्या कायम असतात. ज्यांना पहिल्याच महिन्यात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला, बसायची घाई असते, त्यांनाही मी आधी साबणच देतो. सॉफ्टवेअर महिनाभरात येतं, नजर तयार व्हायला वर्ष जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

थर्मोमध्ये, म्हणजे थर्मोडायनॅमिक्समध्ये, तापमान केल्व्हिनमध्येच घ्या. ३०० आणि ३० अंश सेल्सिअसमध्ये चालणाऱ्या कार्नो इंजिनाची, म्हणजे आदर्श उष्णता इंजिनाची, कार्यक्षमता सेल्सिअस तसंच घातलं तर ९० टक्के येते, खरी आहे ४७. स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते, उघडण्याआधी प्रेशर गेज (हवेच्या दाबाच्या वरचं) आहे की ॲब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेलं) ते बघा. मायक्रोमीटर टोकाच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणारी छोटी मूठ) फिरवा, थिंबल (आकडे कोरलेली फिरती नळी) आवळून नाही. फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, न काढता समीकरण लिहिलं असेल तर मी पुढचं वाचतच नाही.

लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या भागात, तो आवळायची किल्ली ठेवून मशीन कधीही सुरू करू नका. ती गोळीसारखी सुटते. किल्ली चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरच ठेवायचा, हा माझ्या वर्कशॉपचा नियम आहे आणि त्याला सूट नाही.

आता युनिट्स. मागच्या वर्षी एका मुलीने कँटिलिव्हरचं, म्हणजे एकाच टोकाला पकडलेल्या दांड्याचं, गणित सोडवलं. एक मीटर लांब, २० मिमी चौरस पोलादी दांडा, टोकाला १०० न्यूटन. सूत्र बरोबर, पायऱ्या स्वच्छ, उत्तराखाली दोन रेघा: डिफ्लेक्शन, म्हणजे टोक किती खाली वाकलं ते, १२,५०० मिमी. एक मीटरचा दांडा साडेबारा मीटर वाकला! ई, म्हणजे पोलादाचा ताठपणा सांगणारा आकडा, २०० गिगापास्कल होता, तो तिने तसाच २०० म्हणून घातला होता. न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये काम करताना तो २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी घ्यायला हवा. असं उत्तर लिहिताना हात अडखळला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. कॅल्क्युलेटरवर आलं म्हणजे बरोबर, ही घाई जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये दिसते.

तिला रागावलो नाही. वर्कशॉपमध्ये नेलं, तसाच दांडा व्हाइसमध्ये पकडला आणि टोकाला दहा किलोचं, म्हणजे जवळपास १०० न्यूटनचं, वजन टांगलं. तिने आधी आणि नंतर टोकाची उंची पट्टीने मोजली. फरक साडेतेरा मिलिमीटर. वहीत परत केलेल्या गणितात साडेबारा आलं होतं. "सर, वरचा एक मिलिमीटर कुठून आला?" तिने विचारलं. मी व्हाइसच्या जबड्याकडे बोट दाखवलं. ती खाली वाकून पकड किती हलते ते बघत बसली आणि सुट्टीची घंटा झाली तरी उठली नाही.