मनगटाचा स्प्लिंट: सपाट छापा, गरम पाण्यात वळवा

जळगावात मी थ्रीडी प्रिंटरवर मनगटाचे स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारे आधार, छापतो. पीएलए नावाच्या प्लास्टिकची तीनेक मिलिमीटर जाडीची जाळीदार पट्टी सपाटच छापा, वेळ वाचतो. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. पाणी ६५-७० ठेवा, उकळतं नको. शेकलेल्या केळीच्या पानासारखी लवली की चिमट्याने काढा, टिपा, आधी स्वतःच्या हाताला लावून बघा. पेशंटच्या हातावर जाड सुती मोजा चढवूनच बसवा. करंगळीकडचं ते वर आलेलं हाड! तिथे अंगठ्याने खळगा द्या, नाहीतर पेशंट दुसऱ्या दिवशी दारात. मनगटाचा कोन डॉक्टर सांगतील तोच. बोटं बधिर झाली तर लगेच काढा. आकार बिघडला? परत पाण्यात टाका, पट्टी बरीचशी सपाट होते. आणि भाऊ, मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपलं ऊन तिला वाकडी करेल.