क्रॅपी मासा धरताना आमिषाची खोली सांभाळावी

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना घराजवळच्या तलावावर गळ टाकण्यास आरंभ करावयाचा असेल, त्यांनी क्रॅपी या माशापासून सुरुवात करावी; तो काठावरूनही मिळतो आणि लहान तळ्यांतही चांगला पोसतो. २०१८ मध्ये टेनेसी राज्यातील अशाच एका तळ्यात पाच पौंडांहून अधिक वजनाचा काळा क्रॅपी गळाला लागला होता. काळा आणि पांढरा या दोन जाती ओळखण्यासाठी पाठीवरील पराचे टणक काटे मोजावेत: काळ्याला ते सात किंवा आठ असतात, पांढऱ्याला सहसा सहाच.

वसंत ऋतूत पाण्याचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की क्रॅपी अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतो, आणि नवशिक्याला याहून चांगला काळ नाही. बुडालेली झाडे, धक्क्याचे खांब आणि पाणवनस्पतींच्या कडा येथे तो थव्याने थांबतो. उन्हाळ्यात मात्र तो खोल पाण्यात सरकतो. तेव्हा पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास जावे.

हलकी काठी, चार ते सहा पौंड ताकदीची दोरी, सरकता बॉबर (दोरीवर सरकणारा, पाण्यावर तरंगणारा गोळा) आणि आमिष म्हणून दीड-दोन इंचांची जिवंत मासळी किंवा १/१६ औंसाचा जिग (वजनदार डोक्याचा, कृत्रिम आमिषाचा गळ) एवढे साहित्य पुरते. खरे कौशल्य आमिषाच्या खोलीत आहे. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूस असल्यामुळे तो आपल्या वर दिसणारे भक्ष्य टिपतो, खाली गेलेल्या आमिषाकडे सहसा वळत नाही. म्हणून आमिष माशांच्या थोडे वरच राहील अशा बेताने दोरीवर बॉबर अडवणारी गाठ बांधावी, आणि दहा-पंधरा मिनिटांत काही लागले नाही, तर जागा बदलण्यापूर्वी खोली फूटभराने बदलून पाहावी. माझ्या मते बहुतेकांचे हात रिकामे राहतात ते हा धीर न धरल्यामुळेच.

बॉबर बुडाला की काठीला झटका देऊ नये. या माशाच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते आणि ती फाटून मासा सुटतो. काठी संथपणे उचलून दोरी ताणलेली ठेवावी आणि मोठा मासा जाळीनेच वर घ्यावा.

राज्याचा मासेमारी परवाना आधी काढावा आणि त्या तलावाची किमान लांबीची व दैनंदिन संख्येची मर्यादा पाहून घ्यावी. लहान मासा ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात सोडावा. खाण्यासाठी ठेवलेला मासा तत्काळ बर्फात घालावा, कारण त्याचे मांस नाजूक असते आणि उन्हात लवकर मऊ पडते.